शेजारणीबद्दल आईचं मत

पुएब्ला, मेक्सिको
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुगतदादा,

जय भीम. फोनवर तुझं एकच पालुपद असतं, "लवकर बोल, बॅच सुरू होतीय." म्हणून आता ईमेलवर सरळ पत्रच लिहिते. शिकवणीच्या दोन तासांच्या मध्ये वाच. आणि उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवून मोकळा होऊ नकोस.

मी इथं नक्की काय करते हे तू ऋतुजावहिनीला अजून धड सांगू शकत नाहीस, असं ती म्हणाली. तर ऐक. हातात टॅब घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, शेजारच्या देशाबद्दल, म्हणजे अमेरिकेबद्दल, तुमचं मत काय? खूप चांगलं, चांगलं, वाईट की खूप वाईट? मग तुमच्या स्वतःच्या देशात कसं चाललंय? एवढ्यासाठी मी हैदराबादला जाऊन स्पॅनिश शिकले.

पहिल्या प्रश्नाला लोक दाराची चौकट धरून अर्धा अर्धा तास बोलतात. ते आमच्यावर कर लावतात, मध्ये भिंती घालतात, आमच्या पोरांना बेड्या घालून परत धाडतात. देशाचं विचारलं तर महागाई, गुंडगिरी, पुढारी सगळे चोर. आणि शेवटी विचारावं, तुमच्या घरी कसं आहे? तर म्हणणार, "देवाच्या दयेनं बरं आहे." सगळं वाईट, फक्त घर बरं. माझी घरमालकीण ओफेलिया तर पोळ्या भाजता भाजता अमेरिकेच्या नावानं बोटं मोडत असते, आणि तिचे दोन्ही मुलगे न्यूयॉर्कात हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहेत. तिच्या घरातला फ्रीज त्यांनीच घेतलेला. या लोकांचं काय लिहून घ्यावं तेच कळत नाही. वैताग आलाय.

पण खरं लिहायचंय ते आईबद्दल. गेले चार-सहा फोन मी फक्त केवळाबाईचं ऐकतेय. "ती केवळी सकाळी उठल्यापसून भिंतीवर कोपरं टेकून हुबी ऱ्हाती. माझ्या चुलीवर काय शिजतंय ते बगती. दुपारी डोळा लागू देत न्हाई. जीव नको केलाय माय." बाबा गेल्यापासून आई लोह्याच्या घरी एकटी, त्यात शेजारीण अशी. आणि ही तीच बाई आहे ना, जिनं शेजारी घर बांधून राहायला आल्यावर तीन वर्षं आईच्या हातचा चहा "नको, आत्ताच झाला" म्हणून टाळला? त्यामागं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आईनं या वयात हे का सोसायचं? काहीतरी कर.

तुझी,
प्रिया


लातूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियास,

जय भीम. "काहीतरी कर" हे वाक्य समुद्रापलीकडून लिहायला फार सोपं असतं.

मी दोन वर्षं झाली आईला सांगतोय, लातूरला चल. फ्लॅटमध्ये एक खोली तिच्यासाठीच ठेवली आहे. ऋतुजानं तिथं बुद्धमूर्ती ठेवायला कोनाडासुद्धा करून घेतला. आई काय म्हणते? "लातुरात मला कोन वळखतं? इथं माझं घर हाय." मी म्हटलं, अगं पण पडलीस-झडलीस तर? तर म्हणे, "पडले तर उठंन." तिच्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं आहे. आणि तू लगेच "आईला तिच्या घरात राहू दे" म्हणून तिचीच बाजू घेतेस. नांदेड जिल्ह्याची माणसं हट्टीच, असं इथं स्टाफरूममध्ये म्हणतात. मीही मान डोलावतो.

केवळाबाईचं म्हणशील तर तिचा मलाही ताप आहे. गेल्या रविवारी लोह्याला गेलो. गाडीवरून उतरलो नाही तोच भिंतीपलीकडून आवाज, "मास्तर, आईला तिखट कमी खाया सांगा, रातच्याला जळजळ व्हती तिला." आई आतून ओरडली, "माझ्या लेकाला तू नको शिकवू." मग दोघींचं जे सुरू झालं ते मी जेवून उठेपर्यंत चालू. मी चार तासांसाठी जातो, त्यातले दोन या भांडणात जातात. आई तिला तोंडावर सुनावते, "तीन वर्सं माझा च्या पेली न्हाईस, ते मी इसरले न्हाई." आणि ती बाई आईच्याच कपातला चहा फुंकून पीत ऐकत असते. काय म्हणावं?

पण माणूस शेजारी बदलून मागू शकत नाही. माझी नीटची परीक्षा पुन्हा देणाऱ्या पोरांची बॅच आहे, मेपर्यंत मला मरायलाही सवड नाही.

सुगत


पुएब्ला
१६ मार्च २०२५

प्रिय दादा,

शेजारी बदलता येत नाही, पण भिंत वाढवता येते. बाबांनी ती कमरेएवढी ठेवली कारण तेव्हा पलीकडं नुसती ज्वारी होती. आता ती बाई तिथं कोपरं टेकते. सात फूट कर. मिस्त्रीच्या पैशांचं मी बघते, तू फक्त उभा राहा.

हे मी उगाच म्हणत नाही. मी आईला नीट विचारलं, जसं इथं विचारते तसं. म्हटलं, आई, खरं सांग, केवळाबाईचा त्रास होतो का? म्हणाली, "तरास? जीव घेती ती माझा." म्हटलं, खूप? म्हणाली, "लई." आता याहून स्पष्ट उत्तर कुठल्या देशात मिळणार? मी म्हणाले, त्या बाईला लाजच नाही. तर आई एकदम म्हणाली, "ठिव आता, भाजी करपती."

तुला तिला लातूरला न्यायचंय, मला माहीत आहे. पण तिला स्वतःच्या घरात राहायचंय. मग तिथं ती निवांत राहील एवढं तरी करू. नाहीतर एक दिवस ती त्या बाईला कंटाळूनच घर सोडेल, आणि तुला वाटेल तू जिंकलास.

आणि हसू नकोस. इथं दिवसभर लोक माझ्यापुढं भिंतीच्या नावानं शिव्या घालतात आणि मी तुला भिंत बांधायला सांगतेय, हे मला दिसतंय. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी.

तुझी,
प्रिया


लातूर
१८ मे २०२५

चि. प्रियास,

झाली तुझी भिंत. नीटची परीक्षा संपली, पोरं घरी गेली, आणि मी आठ दिवस लोह्यात विटा मोजत बसलो. या सुट्टीत ऋतुजाला घेऊन अजिंठ्याला जायचं ठरलं होतं. ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

आईला मी सांगितलं की चोऱ्या वाढल्यात, कॉलनीत सगळेच भिंती वाढवतायत. केवळाबाईमुळे असं कसं सांगणार? आई मिस्त्रीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या मनानं करा." मी म्हटलं, तुला नको असेल तर नको. म्हणाली, "तुमी शिकलेली लेकरं, तुमाला कळतं." म्हणजे होकारच ना तो? तिच्याकडून याहून सरळ होकार मला आयुष्यात मिळालेला नाही.

मला भीती होती ती केवळाबाईच्या तमाशाची. भिंत सामाईक, तिच्या बाजूनं भांडण झालं असतं तर काम बंद पडलं असतं. पण गंमत ऐक. ती भांडलीच नाही. पहिल्या दिवशी मिस्त्रीला विचारलं, "किती उंच?" त्यानं हात वर करून दाखवला. ती आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून पदर खोचून तिच्या बाजूनं भिंतीला पाणी मारायला लागली. लोह्यात मे महिन्यात नळाला पाणी केव्हा येईल त्याचा भरवसा नाही, आणि ही घागरीनं आणून भिंतीवर ओततेय. मी म्हटलं, मावशी, राहू द्या, आमच्या बाजूनं मारतोय आम्ही. म्हणाली, "दोन्ही अंगानं मारावं लागतं बाबा, न्हाईतर तडा जातो."

गिलावा छान झालाय. फोटो पाठवतो.

सुगत


पुएब्ला
८ जून २०२५

प्रिय दादा,

फोटो बघितला. शाब्बास. मी म्हटलं नव्हतं? तिलाही भिंत हवीच होती, नाहीतर कोण स्वतःचं पाणी घालतं? आपण उगीच इतकी वर्षं संकोच केला.

आणि फरक बघ. आईच्या फोनवर आता केवळाबाईचं नावसुद्धा नाही. मी विचारते, काय म्हणतेस? "बरं हाय." जेवलीस? "जेवले." दुपारी झोप लागते? "पडते जरा." फोन पाच मिनिटांत संपतो. मला थोडं चुकल्यासारखं वाटतं, पण निवांत माणसाकडं सांगायला असतं तरी काय?

इथं मात्र माझं बिनसलंय. आमच्या कंपनीला नमुन्यात आणखी घरं हवी होती, म्हणून मी ओफेलियालाच प्रश्न विचारले. शेजारच्या देशाबद्दल मत? "खूप वाईट." असं म्हणून तिनं नेहमीचं पुराण लावलं. मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, खरंच, ती माणसंच तशी, त्यांना माया म्हणून नाहीच. बाई पोळी उलटायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "तू कोण बोलणारी? माझी मुलं तिथं आहेत. माझी नात तिथं जन्मली." मी म्हटलं, अहो, तुम्हीच तर आत्ता म्हणालात. तर म्हणे, "मी म्हणेन. तू नाही म्हणायचं." तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. घरभाडं दिलं तर टेबलावर ठेव म्हणते.

आता यात माझं काय चुकलं? उत्तर तिनंच दिलं होतं. दिवसभर असल्या लोकांत हिंडून डोकं फिरायची पाळी आली आहे. तू काहीतरी शहाण्या माणसाचं लिही.

तुझी,
प्रिया


लातूर
६ जुलै २०२५

प्रिया,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे.

आई लातूरला आली. मी आणायला गेलो नव्हतो. मंगळवारी वर्गात होतो, वॉचमननं निरोप दिला, खाली कुणी आजी आल्यात. बघतो तर आई, दोन पिशव्या आणि बुद्धमूर्ती फडक्यात गुंडाळलेली. लोह्याहून एकटी एसटीनं आली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तू बोलवत होतास ना. आले."

दोन वर्षं ज्यासाठी भांडलो ते असं दारात येऊन उभं राहिलं, आणि मी तिच्या पिशव्या उचलायचंही विसरलो.

त्याच दिवशी संध्याकाळी मला सुदर्शनचा फोन आला. केवळाबाईचा मुलगा, हैदराबादला असतो, तुझ्याहून थोडा मोठा. फोन आभार मानायला होता. म्हणाला, "सर, भिंत घातली, तुमचे लई उपकार झाले. पप्पा गेल्यापसून मी आईच्या पाया पडून राहिलो होतो, चल म्हणून. तुमच्या आईचं नाव घेऊन एकच म्हणायची, 'मी आल्यावर पारूला कोन हाय?' आता आपल्या तोंडानं म्हणाली, ये घ्यायला." जूनच्या शेवटी तो तिला घेऊन गेला. आईनं मला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं का?

मी विचारलं, एकाएकी कशा तयार झाल्या? तो जरा अडखळला. मग म्हणाला, "आई म्हणती, पारूनं च्याचं फेडलं. तिचा हक्कच हाय म्हणती. मला काय कळलं न्हाई सर, कसला च्या?"

प्रिया, मला कळलं. त्या बाईला वाटलं भिंत आईनं घातली. तीन वर्षांच्या त्या चहाबद्दल. आणि स्वतःचं चुकलं होतं असं मानून ती पाणी मारत राहिली.

मग मी आईसमोर बसलो आणि बाकीचं थोडं थोडं काढून घेतलं. सकाळी ती बाई कोपरं टेकून उभी राहायची ती आई उठली का हे बघायला. आईनं बीपीची गोळी घेतल्याशिवाय ती हलायची नाही. दही ज्या घरी लागलं त्या घरचं विरजण भिंतीवरून दुसऱ्या घरी. कोरोनात तिचे यजमान दगडोबाकाका गेले तेव्हा कुणी नातलग दारात आला नाही. आई भिंत चढून पलीकडं गेली आणि केवळाबाईपाशी राहिली. आपल्याला दोघांनाही सांगितलं नाही, आपण ओरडलो असतो म्हणून. आईच्या हातचा चहा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

मी म्हटलं, आई, मग तू रोज तिच्या नावानं का ओरडायचीस? तर माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी दुसरीत नापास झालोय. म्हणाली, "आपल्या मानसाला कुनी चांगलं म्हनतं का रं?"

खरंच, कोण म्हणतं? बाबांना तिनं उभ्या जन्मात एकदा तरी बरं म्हटलं होतं का? मला पोलिटेक्निकमध्ये पहिला नंबर मिळाला तेव्हा शेजारीपाजारी सांगत होती, "कसलं काय, नुसतं दगड हाय." आपण त्याच घरात वाढलो. तू जगाची मतं गोळा करतेस, मी पोरांना उत्तरं शोधायला शिकवतो, आणि आईच्या एका वाक्याचा अर्थ दोघांनाही लागला नाही.

मी विचारलं, भिंत नको होती तर म्हणाली का नाहीस? "तुमी इचारलं कुटं? सांगितलं."

सुगत


पुएब्ला
७ जुलै २०२५

दादा,

भिंत पाड. उद्याच्या उद्या. मला स्पष्टीकरणं लिहू नकोस, मिस्त्रीला फोन कर.

आणि केवळाबाईला सांग की ते आम्ही केलं, आईनं नाही. माझं नाव सांग. मीच तुझ्या मागं लागले होते. तू नाही का म्हणाला नाहीस? तू तर तिथं उभा होतास, तिला घागरीनं पाणी आणताना बघत होतास. एवढा शिकलेला माणूस, तुला एकदाही वाटलं नाही की विचारावं? आणि मी? मी तर विचारलं होतं. विचारलं, आणि जे ऐकायचं होतं तेच लिहून घेतलं.

दोघींचं बोलणं करून दे. आईला तिच्या घरी नेऊन सोड. मी डिसेंबरमध्ये येते, तोवर सगळं होतं तसं कर. करशील ना?

प्रिया


लातूर
१७ ऑगस्ट २०२५

प्रिया,

उत्तराला उशीर झाला. तू सांगितलेलं एक एक करून पाहिलं.

सुदर्शनला फोन करून सगळं खरं सांगितलं. भिंत आईची नाही, आमची. त्यानं केवळाबाईला फोन दिला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "आसू दे बाबा. तुमी लेकरं, आईच्या काळजीनंच केलं." मी म्हटलं, मावशी, परत या, मी भिंत पाडतो. म्हणाली, "आता इथं नातवाची शाळा लागली. सून कामाला जाती. मी न्हाई तर त्याला कोन बगणार?" ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग मी फोन आईकडं दिला. मला वाटलं होतं दोघी रडतील, नाहीतर भांडतील. आई म्हणाली, "बरी हाईस का?" तिकडून काहीतरी आलं. आई म्हणाली, "मी बी बरी हाय." "ठिवते मग," म्हणून आईनं फोन माझ्या हातात दिला. एवढंच. ज्या दोन बायकांचं सकाळी सुरू झालेलं दुपारपर्यंत संपायचं नाही, त्यांचं.

आईला म्हटलं, लोह्याला सोडू का? म्हणाली, "तिथं कोन हाय?"

तरी मी गेल्या रविवारी गेलो होतो. मिस्त्रीला बोलावलं. तो भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "सर, तीन महिनं न्हाई झालं. लई पक्की झाली, दोन्हीकडून पाणी बसलंय." मग त्यानं आपल्या घराकडं बघितलं, त्यांच्या घराकडं बघितलं. दोन्ही दारांना कुलूप. म्हणाला, "पाडायची कुनासाठी?" त्याला चहापाणी देऊन परत पाठवलं.

तुझ्यावर मी रागावलेलो नाही. थोडा आहे, पण तेवढाच स्वतःवरही आहे. तू ये डिसेंबरमध्ये.

आई इथं कशाला नावं ठेवत नाही. ऋतुजाच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट जेवते. समोरच्या फ्लॅटमधल्या उमाबाई रोज येऊन बसतात, चांगल्या घरच्या आहेत, तिला बागेत घेऊन जातात. काल ऋतुजानं विचारलं, "आई, इथले शेजारी कसे वाटले?" आई म्हणाली, "चांगले हायत. लई चांगली मानसं हायत."

ऋतुजाला फार बरं वाटलं. आई रमल्या म्हणून तिनं माहेरी फोन करून सांगितलं. मी हे तुला लिहायला बसलो.

सुगत